फुली उमटलेली काच

१४, वीव्हर्स रो, हॉल्डनशॉ
२४ ऑक्टोबर १९६२

प्रोफेसर डिनस्डेल यांस,

तुमचं पत्र मिळालं. बारा वर्षांतलं पहिलंच. समुद्रकाठची हवा तुम्हाला मानवली आहे आणि सौभाग्यवतींच्या गुडघ्यांना मानवलेली नाही, हेही कळलं.

माझ्या प्रकृतीची चौकशी केलीत. प्रकृती ठीक आहे. मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. ही नोकरी मला तुमच्या शिफारसपत्रावर मिळाली. त्यात काय लिहिलं होतंत ते तुम्ही विसरला असाल, मला पाठ आहे: 'सदर बाई काचेची भांडी अत्यंत स्वच्छ घासतात.' चार वर्षं मी तुमच्या क्ष-किरणांच्या यंत्रापाशी बसले. खाटीकखान्यातून वासरांच्या गळ्यातल्या ग्रंथी आणून त्यातून डीएनए काढला. तो शेंबडासारखा चिकट ऐवज काचेच्या सुईने ओढून केसाहून बारीक धागा केला. त्या धाग्याची तीनशेच्या वर चित्रं घेतली. त्यावर एक ओळ नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी ते पत्र वाचून मला पहिल्याच दिवशी मोरी दाखवली.

तेव्हा तुम्हाला माझी आठवण का झाली, हे मला पत्राच्या तिसऱ्या पानापर्यंत वाट न बघताही कळलं. मीही वर्तमानपत्र वाचते. केंब्रिजच्या दोघांना आणि लंडनच्या एकाला डीएनएची घडण शोधल्याबद्दल स्वीडनचं ते मोठं पारितोषिक जाहीर झालं. लंडनच्या ज्या बाईंनी ओला धागा आणि कोरडा धागा वेगळा करून ज्यांवरून ती घडण कळली ती फुलीची स्वच्छ चित्रं काढली, त्या चार वर्षांपूर्वीच वारल्या, आणि मेलेल्या माणसाला ते देत नाहीत म्हणे. तुम्ही तर चांगले जिवंत आहात आणि तरी तुम्हाला दिलं नाही.

तुम्ही लिहिता, 'ऑगस्ट १९५० मध्ये आपण जी प्लेट घेतली होती, तीत ती फुली स्पष्ट होती.' 'आपण' हा शब्द मी दोनदा वाचला. त्या ऑगस्टात तुम्ही सुट्टीवर होता, प्रोफेसरसाहेब. गिरण्या बंद, गाव समुद्रावर, आणि तुम्ही स्कॉटलंडला मासे धरत होता. त्या आठवड्यात धाग्याला ओल मिळाली ती माझ्यामुळे.

येत्या सोळा जानेवारीला इथल्या विद्वत्सभेत तुमचं व्याख्यान आहे, विषय 'हॉल्डनशॉने आधी पाहिलेली फुली', आणि त्यासाठी पडद्यावर दाखवायला तुम्हाला त्या चित्राची काच, म्हणजे ती प्लेट, हवी. म्हातारा द्वारपाल वॉल्टर तुम्हाला म्हणाला की नोकरी सुटली तेव्हा मी काचा घरी नेल्या. वॉल्टर खोटं बोलत नाही. काचा मी नेल्या.

काच मिळेल की नाही, ते तुम्ही पुढे काय लिहिता त्यावर ठरेल.

विनिफ्रेड ओल्डरॉइड


वीव्हर्स रो
१२ नोव्हेंबर १९६२

प्रोफेसर डिनस्डेल यांस,

तुम्ही पत्राऐवजी माणूस पाठवलात. विद्वत्सभेचे चिटणीस मिस्टर पिकर्सगिल शनिवारी दुपारी चहाच्या वेळेला दारात उभे राहिले. हातात टोपी, काखेत चामड्याची रिकामी पेटी. आत निळी मखमल लावलेली होती. काच मिळाल्यासारखीच ते धरून चालले होते.

मी चहा केला, आलं घातलेल्या पार्किन केकचा तुकडा दिला. माणूस वाईट नाही, पण तुमचं सगळं त्यांना पाठ करून दिलेलं होतं.

"मिस ओल्डरॉइड, अहो, हा एकट्या प्रोफेसरसाहेबांचा प्रश्न नाही, आपल्या गावाचा मान आहे. केंब्रिजवाल्यांनी काय केलं? तारा आणि पत्र्याचे तुकडे जोडून खेळणं बनवलं. चित्र तर आधी आपल्याकडे होतं."

"होतं ना," मी म्हटलं. "मग केंब्रिजला का कळवलं नाही?"

"ते... त्या वेळी त्याचं महत्त्व लक्षात आलं नसावं."

"कुणाच्या?"

त्यांनी पार्किन तोंडात भरलं. मग म्हणाले, "व्याख्यानात तुमचं नाव येणार आहे, बरं का. प्रोफेसरसाहेबांनी मला मसुदा दाखवला. 'माझ्या एका कुशल मदतनीस महिलेने यंत्राची देखभाल केली.'"

"यात माझं नाव कुठे आहे?"

ते बिचारे खरंच शोधू लागले. मग हसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही फार काटेकोर आहात हो."

नंतर त्यांना मागचं अंगण बघायचं होतं. माझ्या वडिलांनी तिथे भाजीसाठी लाकडी चौकट करून वर काचा बसवल्या आहेत, थंडीत तिच्याखाली लेट्यूस होतं आणि उन्हाळ्यात काकड्या. पिकर्सगिलसाहेबांनी त्या चौकटीवर टोपी ठेवली, वाकून पानं बघितली आणि विचारलं, "ती प्लेट घरातच आहे ना? ओल लागणार नाही अशा जागी?"

मी म्हटलं, "ओलीची काळजी तुम्ही लोकांनी पहिल्यापासून फार केलीत."

त्यांना काही कळलं नाही. तुम्हाला कळेल.

आता माझी अट ऐका. मला मानधन नको आणि मसुद्यातली ती 'कुशल महिला' तर नकोच. त्या सोमवारी, सुट्टी संपल्यावर, मी ओल्या धाग्याची ती प्लेट तुमच्या टेबलावर ठेवली तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते तुमच्या हाताने, शाईने लिहून पाठवा. जसंच्या तसं. आणि ती प्लेट कुणी घेतली होती, तिचं पूर्ण नाव लिहा.

वि. ओल्डरॉइड


वीव्हर्स रो
३ डिसेंबर १९६२

प्रोफेसरसाहेब,

तुमचं टंकलिखित निवेदन परत पाठवते आहे. त्यात शाळेतल्या मुलींच्या वह्यांत करते तशा लाल खुणा केल्या आहेत. 'तत्कालीन आकलनाच्या मर्यादेत प्रस्तुत प्रतिमेचं मूल्यमापन स्थगित ठेवण्यात आलं.' कुणी ठेवलं? तुमच्या वाक्यांना कर्ता का नसतो? काच घ्यायची म्हटली की 'आपण' येतं आणि काच फेकायची म्हटली की 'ठेवण्यात आलं'.

तुम्हाला आठवत नसेल तर मी आठवण देते. तुम्ही खिडकीपाशी प्लेट धरलीत. एरवीच्या आपल्या कोरड्या धाग्यांच्या चित्रांत झटकलेल्या शाईसारखे ठिपके असायचे, कशाचा कशाला मेळ नसायचा, आणि त्यांचा अर्थ लावण्यात तुम्ही दोन वर्षं घालवली होती. ह्या प्लेटवर ठिपके जवळजवळ नव्हते. मधोमध एक काळीभोर फुली होती, आणि वर-खाली दोन जाड पट्टे. इतकं साधं चित्र त्या खोलीत कधी निघालं नव्हतं.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "सुकवणीची पूड बदलली होती का?"

मी म्हटलं, "नाही. हवेतली ओल शोषून पुडीचं पाणी झालं होतं. धागा ओला होता."

तेव्हा दोन संशोधक विद्यार्थी दारात उभे होते. तुम्ही त्यांच्याकडे बघत म्हणालात, "मिस ओल्डरॉइड, ह्या गावात लोकर भिजवून वजन वाढवणाऱ्याला आम्ही कोर्टात उभं करतो. तुमचे वडील तर ती ओल तपासण्याच्याच नोकरीत आयुष्यभर आहेत. भिजवलेल्या मालाचं चित्र मला दाखवू नका. धुऊन टाका ती काच."

ते दोघे हसले. त्यातल्या एकाला आता सरदारकी मिळाली आहे, असं वाचलं.

मला तुमच्या अज्ञानाचा राग नाही. डीएनए तेव्हा कुणालाच नीट कळत नव्हता. पण तुम्हाला स्वतःच्या गावची लोकरही कळत नव्हती, ह्याची मात्र मला किळस येते. तुमचे आजोबा लोकरीवर श्रीमंत झाले, प्रयोगशाळेच्या इमारतीला त्यांचं नाव आहे, आणि तुम्हाला ओल-तपासणीतलं अर्धंच माहीत. माझे वडील अमोस ओल्डरॉइड अडतीस वर्षं गावच्या लोकर-तपासणी घरात होते. गठ्ठ्यातून एक लड काढायची, भट्टीत सुकवायची, अगदी खडखडीत होईपर्यंत, आणि वजन करायचं. एवढं तुम्हाला माहीत होतं. पण पुढे काय करायचं? त्या वजनात कायद्याने ठरलेल्या पाण्याचं वजन परत मिळवायचं. कारण लोकरीत पाणी असतंच. भट्टीतून काढलेल्या खडखडीत लोकरीचं वजन कुणी खरं वजन म्हणून लिहून दिलं असतं, तर वडिलांनी त्यालाही चोरच म्हटलं असतं.

तुम्ही अर्धा रिवाज शिकलात आणि त्यावर प्रोफेसर झालात. लोकरीला सुकवता म्हणून डीएनए सुकवलात, त्याचं पाणी काढून घेतलंत आणि मग तो वाकडातिकडा का दिसतो म्हणून दोन वर्षं डोकं खाजवलंत.

शाईने लिहा.

वि. ओ.


वीव्हर्स रो
२१ डिसेंबर १९६२

प्रोफेसरसाहेब,

अखेर तुमच्या हातचं अक्षर आलं. पण त्यात कबुली नाही, आरोप आहे. 'त्या प्लेटचं श्रेय मागताना आपण त्या आठवड्यात मोरकँबला होता हे सोयीस्करपणे विसरता आहात.'

बरं. विसरलेले नाही. लिहिलं नव्हतं.

गिरण्यांच्या सुट्टीचा आठवडा होता. तुम्ही स्कॉटलंडला निघताना म्हणालात, "यंत्र चालू राहू द्या, मिस ओल्डरॉइड. यंत्र थंड ठेवणाऱ्या नळाकडे वॉल्टर बघेल. पूड मात्र रोज तुम्हीच बदला." मला सुट्टी हवी का, हे विचारायचं तुम्हाला सुचलं नाही. सगळं गाव गाडीने समुद्रावर चाललेलं, रस्त्यावर माणूस नाही, धुराडी थंड, आणि मी एकटी त्या खोलीत पूड बदलत बसणार होते. बुधवारी माझी बहीण मेबल आली आणि म्हणाली, "चल गं दोन दिवस. तुझ्या त्या शेंबडाला कुणी पळवून नेत नाही." मी गेले. कोळंबी खाल्ली, समुद्राच्या धक्क्यावर बसले, एका माणसाने नाचायला बोलावलं तेव्हा नाचलेसुद्धा. परत आले तेव्हा पुडीचं पाणी झालेलं होतं आणि धागा तीन दिवस ओलाव्यात उभा होता.

तेव्हा ती फुली माझ्या हुशारीने उमटली नाही, कामचुकारपणाने उमटली. पहिल्या पत्रात मी 'माझ्यामुळे' लिहिलं, ते खरंच होतं, पण तुम्ही जसं वाचलंत तसं ते नव्हतं. मी तुम्हाला तसं वाचू दिलं. एवढी लबाडी तुमच्याकडे चार वर्षं काढल्यावर माणसाला येते.

पण मी ती प्लेट लपवली नाही. पाणी झालं होतं हे तोंडाने सांगितलं, नोकरी जाईल हे माहीत असून. तुम्ही मात्र दोन विद्यार्थ्यांसमोर विनोद केलात, आणि चार महिन्यांनी माझ्या जागी दुसरा माणूस घेतलात. कायम करण्याचं वचन होतं. मी त्या वचनावर लग्न पुढे ढकललं होतं, आणि मग ज्याच्याशी ठरलं होतं तोही कंटाळून कॅनडाला गेला. हे तुम्हाला सांगायचा माझा इरादा नव्हता. आता लिहून झालं आहे, खोडत नाही.

मोरकँबचं लिहा. खुशाल लिहा. 'मिस विनिफ्रेड ओल्डरॉइड दोन दिवस कामावर नव्हत्या आणि म्हणून हॉल्डनशॉमध्ये फुली उमटली.' मला चालेल. पण त्याच्याखाली तुमचं वाक्यही लिहा. दोन्ही एकाच कागदावर, नाहीतर काच विसरा.

नाताळच्या शुभेच्छा सौभाग्यवतींना.

वि. ओ.


वीव्हर्स रो
९ जानेवारी १९६३

प्रोफेसर डिनस्डेल,

तुमचं पत्र काल पोचलं. बर्फामुळे टपाल चार दिवस अडकलं होतं. इथे नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून नळ गोठले आहेत. शेजारच्या मिसेस हॅगस रोज किटलीभर पाणी घेऊन येतात आणि म्हणतात, "अगं विनी, एवढी शिकलीस, नळ सोडवता येईना होय?"

तुम्ही लिहिलंत. सगळं लिहिलंत. कोर्टात उभं करण्याचं वाक्य, विद्यार्थ्यांचं हसणं, माझ्या वडिलांवर मारलेला टोमणा. वर माझं पूर्ण नाव, खाली तुमची सही. 'मी चूक होतो आणि मी ते हसण्यावारी नेलं' हे वाक्य मी मोजून चार वेळा वाचलं. बारा वर्षं मी ह्या कागदाची वाट बघत होते, आणि तो हातात आल्यावर मला वाटलं होतं तितकं बरं वाटलं नाही. तुमच्याबद्दलचा तिरस्कार कमी झाला असं समजू नका. तुम्हाला बक्षिसाचा वास आला नसता तर एक अक्षर लिहिलं नसतंत. पण लिहिलंत.

आता माझी पाळी आहे, आणि मला लाज वाटते.

त्या सोमवारी संध्याकाळी मी घरी गेले आणि जेवणाच्या टेबलावर वडिलांना सगळं सांगितलं. मोरकँबचं, पुडीचं, फुलीचं, तुमच्या टोमण्याचंही. मला वाटलं ते माझ्यावर चिडतील. त्यांनी काटा खाली ठेवला आणि विचारलं, "तो जो तुझा धागा आहे, तो वासराच्या अंगात असतो तेव्हा कोरडा असतो का?"

मी म्हटलं, "नाही बाबा. अंगात सगळीकडे पाणीच."

"मग पोरी, खरं वजन तुलाच मिळालंय. तो सुकवलेल्या मढ्याची चित्रं काढत बसलाय. उद्या जा आणि सांग त्याला. म्हणावं, अमोस ओल्डरॉइड म्हणाला, ठरलेलं पाणी परत घाला."

म्हणजे मला कळलं होतं, प्रोफेसरसाहेब. त्या रात्री झोपताना मला माहीत होतं की ओलाच धागा खरा आहे. तुम्हाला नव्हतं कळलं, मला कळलं होतं. केंब्रिजच्या त्या दोघांच्या अडीच वर्षं आधी हॉल्डनशॉमधल्या दोन माणसांना ती गोष्ट माहीत होती, एक तपासणी घरातला कारकून आणि एक मी.

दुसऱ्या दिवशी मी आठला पोचले. तुम्ही नऊला आलात. त्या तासाभरात मी काय केलं, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, कारण सांगितलेलं काम होणारच हे तुम्ही गृहीत धरलं होतं. मी गरम पाण्यात सोडा घातला आणि ती काच घासली. काळा थर आधी कडेने सुटला, मग वरचा पट्टा गेला, मग फुलीचा एक हात. थांबायला मला पुरेसा वेळ होता. मला कायम व्हायचं होतं. तुम्ही आत आलात, वाळत ठेवलेली काच बघितलीत आणि म्हणालात, "छान." मी त्यावर दिवसभर खुश होते. वडिलांना संध्याकाळी सांगितलं की प्रोफेसरांना पटलं नाही. सांगितलंच नव्हतं, तर पटणार कुठून. ते मरेपर्यंत तुम्हाला मठ्ठ म्हणत राहिले, आणि मी मिठाची गुळणी धरून बसले.

तेव्हा काच नाही. ऑक्टोबरपासून मी तुम्हाला आशेवर ठेवलं ते ह्या कागदासाठी. तुमच्या कबुलीला आता आधार नाही, आणि पुरावा बघितल्याशिवाय त्या सभेत कुणीही विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये.

तुमचं पत्र सोबत परत पाठवते आहे. तुमच्या सहीखाली मी माझ्या हाताने एक ओळ लिहिली आहे: 'सदर प्लेट विनिफ्रेड ओल्डरॉइड हिने, ती काय आहे हे कळूनही, धुतली.' खाली सही केली आहे. तुमच्यात हिंमत असेल तर सोळा तारखेला उभे राहा आणि दोन्ही वाचा, तुमचं आणि माझं. मी मागच्या रांगेत बसेन. नुसतं माझं वाचून तुमचं गाळलंत, तर मी उठून उभी राहीन, आणि मला सगळं पाठ आहे हे तुम्ही जाणता.

पिकर्सगिलसाहेबांची मखमली पेटी रिकामी राहू नये म्हणून एक काच पाठवायचा विचार होता. तुमच्याकडून आणलेल्या सहाच्या सहा वडिलांनी त्या भाजीच्या चौकटीवर बसवल्या आहेत, त्यातलीच एक ती. आज सकाळी बर्फ झाडून एकेक उजेडात धरून बघितली. सहाही सारख्या, कुठे डाग नाही, ओरखडा नाही. ती कुठली हे मलाही ओळखता येत नाही. शिफारसपत्रातलं तुमचं ते घासण्याचं वाक्य खरं होतं.

विनिफ्रेड ओल्डरॉइड